लायकेन म्हणजे बांडगूळ नव्हे

‘झाडावर ते करडं-हिरवं काहीतरी चढलंय, खरवडून टाका, नाहीतर झाड वाळेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

लायकेन, म्हणजे आपलं दगडफूल, ही बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न शिजवतं. १८६०च्या दशकात श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने हे मांडलं तेव्हा अनेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं होतं! लायकेनला मुळं नसतात. बांडगूळ फांदीत घुसून रस शोषतं. लायकेन मात्र सालीला नुसतं धरून बसतं. निर्जीव खडकावरही ते सुखाने वाढतं, तिथे कुणाचा रस पिणार?

मग वाळक्या फांदीवर ते जास्त का दिसतं? पानं गळाली की तिथे ऊन पोचतं, म्हणून. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली, इतकंच.

जुन्या जंगलात गेलात तर दहापट भिंग न्या. सालीवर काळ्या शाईने गिरगटल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर ते बहुधा ग्राफिस नावाचं लायकेन. युरोपातल्या पुराण्या ओकवर लोबारिया पल्मोनारिया भेटतं: पसरट, खळगे पडलेलं, फुप्फुसासारखं. कोरडं असताना तपकिरी, कागदी. पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवंगार. जंगल दीर्घकाळ अखंड राहिल्याची ती खूण मानतात. अशी लायकेनं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, त्यामुळे घासणी आधी खाली ठेवा.