बेरजेत न दिसणारे मूल

२०२१-२२ या वर्षी देशातील शाळांच्या पटावर सुमारे २६.५ कोटी मुले होती. पुढच्याच वर्षी ती २५.२ कोटींच्या आसपास आली. सव्वा कोटीहून अधिक मुलांनी वर्षभरात शाळा सोडली, असा याचा सरळ अर्थ काढता येत नाही, कारण त्या वर्षी मोजण्याची रीतच बदलली होती. तोपर्यंत ‘यू-डायस’ या राष्ट्रीय नोंदणीत शाळा इयत्तावार बेरजा भरत असत. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. महाराष्ट्रात ‘सरल’ प्रणालीने हे काम २०१५ मध्येच हाती घेतले होते.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. सहावीतून दोन मुली गळाल्या आणि दुसऱ्या गावाहून दोन मुले आली, तर बेरीज तीच राहते आणि त्या मुली कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. उलट, जिल्हा परिषदेची शाळा सोडून खासगी शाळेत गेलेले मूल दोन्ही पटांवर राहिले, तर बेरीज फुगते. एकाच मुलाच्या नोंदी वर्षानुवर्षे जोडता आल्या, की यापूर्वी गळालेल्या मुलांच्या हजेरीत, गुणांत आणि शाळाबदलांत काय समान होते हे संगणक शोधतो आणि आज तशाच वाटेवर असलेली मुले दाखवतो. आंध्र प्रदेशाने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने असा प्रयोग केला आहे. अर्थात हा केवळ अंदाज असतो. इशारा सैल ठेवला तर नाहक चौकशा वाढतात, कडक ठेवला तर खरी गरजू मुले सुटतात. माझ्या मते पहिली चूक पत्करावी, कारण एका गृहभेटीची किंमत फार नसते.

तरीही नोंद कधी होते, हा प्रश्न उरतोच. यू-डायसमधील पट ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाचा असतो, आणि बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे त्यानंतरच्या आठवड्यांत कारखान्यांकडे निघतात. पटावर असलेले मूल नोव्हेंबरात फडावर असते. त्याच्यासाठी वर्षातून एकदाची गणना अपुरी आहे. रोजची हजेरी आणि मागील हंगामातील गैरहजेरी एकत्र पाहिली, तर कोणती मुले जाणार हे दसऱ्यापूर्वीच सांगता येईल, आणि ती यादी मंत्रालयाआधी त्यांच्या वर्गशिक्षकांच्या हाती पडली, तर आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलाला गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय कुटुंब गाव सोडण्याआधी करता येईल.