दोन मिनिटांचा निरोप आणि वजनाचं इंजेक्शन

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘ह्यांचा जिभेवर ताबा नाही, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?’ करदात्याने खर्चाचा हिशोब मागावा, त्यात काही गैर नाही. पण ‘जिभेवर ताबा नाही’ हे निदान विज्ञानाला धरून नाही.

जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या अस्तरातल्या ‘एल’ पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ही सुमारे ३० अमिनो आम्लांची माळ. ती जठराला सावकाश रिकामं व्हायला लावते, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवते आणि मेंदूला निरोप देते, ‘आता पुरे’. पण हा निरोप रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतो. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम कात्रीसारखं येतं आणि माळेचे पहिले दोन मणी छाटतं. माळ निकामी!

वजनाच्या इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड हे औषध घडवणाऱ्यांनी या कात्रीचाच बंदोबस्त केला, आणि ती कारागिरी मला अतिशय आवडते. माळेतल्या मण्यांची मोजणी ७ पासून सुरू होते, कारण मूळ लांब माळेचे पहिले सहा मणी आधीच गळालेले असतात. त्यामुळे दुसरा मणी ८ क्रमांकाचा, अ‍ॅलॅनिनचा. कात्री नेमकी त्याच्यापाशी चालते. तिथे अ‍ॅलॅनिनऐवजी एक मिथाइल गट जास्त असलेलं अमिनो आम्ल बसवलं. एवढ्याशा फुगवट्याने कात्रीचं पातं नीट बसेना. मग २६ व्या मण्याला, लायसिनला, १८ कार्बनांची चरबीसारखी शेपटी जोडली. ती भलतीकडे जोडली जाऊ नये म्हणून ३४ वा मणी, तोही लायसिनचा, आधीच बदलून आर्जिनिनचा केला. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन एरवी मेदाम्लं वाहून नेतं, ते या शेपटीला धरून ठेवतं. एवढं मोठं गाठोडं मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटत नाही. परिणामी औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, जवळजवळ एक आठवडा झालं, म्हणून इंजेक्शनही आठवड्यातून एकदाच.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जण होते. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांना सारखाच. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसतं सलाइनसारखं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. सल्ला तोच, मग फरक कशाने पडला? निरोप टिकल्याने. आठवड्यातून एकदा टोचल्याने कुणाचा स्वभाव बदलत नसतो.

याचा अर्थ हे रामबाण आहे असा नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, चरबीबरोबर स्नायूही घटतात. आणि ‘नैसर्गिक जीएलपी-१’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चहा-पावडरींच्या नादी कृपा करून लागू नका. असली माळ पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचून जाते. सेमाग्लुटाइडच्या खऱ्या गोळीत शोषणाला मदत करणारा खास पदार्थ घातलेला असतो, तरी त्यातलं जेमतेम १ टक्का औषध रक्तात पोचतं.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. इंग्लंडमध्ये टिरझेपटाइड या दुसऱ्या औषधाला पात्र ठरतील असे सुमारे ३४ लाख लोक आहेत, आणि पहिल्या तीन वर्षांत ते देण्याचं नियोजन सुमारे २ लाख २० हजारांसाठीच आहे. जून २०२५ पासून सुरुवात झाली ती बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त आणि सोबत वजनाशी निगडित किमान चार आजार असणाऱ्यांपासून. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी हा आकडा २.५ ने कमी, कारण त्यांना कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो. रांग लावायचीच असेल तर अशीच लावावी, कोण किती आजारी आहे ते बघून.

मला खटकतो तो २०२३ चा नियम: एनएचएसमध्ये वजनासाठी सेमाग्लुटाइड जास्तीत जास्त दोन वर्षं. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांनी कुणी काढून घेत नाही. त्याच चाचणीतल्या काही जणांचं औषध थांबवून वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण पाच आठवड्यांत औषध शरीरातून जवळपास निघून जातं, आणि माणसाच्या हाती पुन्हा तो दोन मिनिटांचाच निरोप उरतो.