संगीतविषयक अंकांतील लेखांची पानमांडणी (पुणे)

संगीताची मासिके, दिवाळी अंकांतले संगीत विभाग आणि महोत्सवांच्या स्मरणिका यांतील दीर्घ लेखांचा मथळा, मजकूर, छायाचित्रे, चौकटी आणि स्वरलिपी (चिन्हांनी लिहिलेले स्वर आणि ताल) पानावर बसवण्याचे काम. पुण्यात या कामाची घाई वर्षातून दोनदा उडते: दिवाळीच्या आधी, आणि १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व (आता सवाई गंधर्व भीमसेन) महोत्सवाच्या सुमारास, डिसेंबरात. इतर विषयांच्या लेखात चित्र आणि मजकूर यांचा मेळ बसला की पान लागते. संगीताच्या लेखात मात्र बंदिशीची (तालात बांधलेल्या गीतरचनेची) स्वरलिपी आली की स्तंभांची रुंदी आणि अक्षराचे माप तीच ठरवते. त्यामुळे पानाची आखणी मथळ्यापासून न करता बंदिशीपासून करणे केव्हाही चांगले.

स्वरलिपीची एक ओळ म्हणजे तालाचे एक आवर्तन, एक पूर्ण फेरा. तीनतालाच्या सोळा मात्रा (तालाची समान मोजमापे) एकाच ओळीत बसल्या तरच वाचणाऱ्याला हातावर ताल धरून गाता येते. डबल क्राऊन १/८ आकाराचे (२० × ३० इंची कागदाच्या आठव्या भागाचे) पान कापण्याआधी ७.५ × १० इंच असते. समास सोडले की मजकुराला सुमारे ६ इंच रुंदी उरते. तेवढ्यात प्रत्येक मात्रेला जवळजवळ एक सेंटिमीटर जागा मिळते आणि ओळ मोकळी दिसते. हीच बंदीश दोन स्तंभांपैकी एकात कोंबली, तर जागा निम्म्याहून कमी होते, मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान शेजारच्या स्वरावर चढते किंवा आवर्तन आठव्या मात्रेवर तुटते. म्हणून लेख दोन स्तंभांत असला तरी बंदीश पानभर रुंदीने घ्यावी. तीनतालातल्या अनेक बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (टाळी न देता मोजायच्या मात्रेपासून) उठतात. तिथे ओळही खालीपासूनच सुरू करायची आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) मधोमध आणायची. सगळ्या ओळींतल्या समा एकाखाली एक उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. हे स्पेसबार दाबून साधत नाही, त्यासाठी तक्ता किंवा टॅब लागतो. झपतालाचे २-३-२-३ आणि रूपकाचे ३-२-२ हे विभागही उभ्या दंडांनी तितकेच स्पष्ट दिसावेत.

दुसरी अडचण लिपिपद्धतीची: भातखंडे आणि पलुस्कर या दोन संगीतज्ञांच्या नावाने स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती चालतात. भातखंडे पद्धतीत स्वरावरचा टिंब तार (वरचे) सप्तक दाखवतो, तर पलुस्कर पद्धतीत तोच टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचा. भातखंडे पद्धतीत मध्यमावरची उभी रेघ म्हणजे तीव्र (चढा) मध्यम. पलुस्कर पद्धतीत स्वरावरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक. सम भातखंडे पद्धतीत × ने, तर पलुस्कर पद्धतीत १ ने दाखवतात. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, त्यामुळे या शहरात पलुस्कर पद्धतीवर शिकलेले वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भातखंडे पद्धतीने शिकलेलेही तितक्याच आवडीने अंक वाचतात. एका अंकात दोन्ही पद्धतींचे लेख येत असतील, तर प्रत्येक बंदिशीखाली चिन्हांची छोटी चौकट द्यायलाच हवी. जागा वाचवण्यासाठी ती काढून टाकणे म्हणजे बंदीश चुकीची छापणेच होय.

खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) काळात ती जुळवणारा जुळारी मात्रा मोजून ओळ भरत असे. डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आल्यावर पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची जिस्ट प्रणाली या मराठी टंकनाच्या साधनांवर बरेच मराठी काम होऊ लागले. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना अक्षरे बहुधा नीट येतात; स्वरचिन्हे मात्र एकेक करून मूळ प्रतीशी ताडावी लागतात. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांकनासाठी असलेली खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ भातखंडे पद्धतीसाठी उपयोगी पडतात: कोमल (उतरता) गंधार ग॒, तीव्र मध्यम म॑. तार षड्ज अनुस्वाराने सां असा लिहिता येतो, मंद्र पंचमाला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) चालतो. फॉन्ट निवडताना ही चिन्हे आणि मराठी वळणाचे ल, श छापून पाहावेत, मगच मथळ्याच्या देखणेपणाकडे वळावे.

मथळ्यात अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. भारदस्तपणा हवा असेल तर अक्षर मोठे किंवा ठळक घ्यावे. लेखाचे पहिले अक्षर मोठे घ्यायचे तर वेलांटी-काना किंवा जोडाक्षर पूर्ण घ्यावे: ‘स्वर’ मधला ‘स्व’ फोडू नये. रफार-उकारांसाठी ११ पॉइंटाच्या मजकुराला १५-१६ पॉइंटांचे ओळअंतर लागते.

छायाचित्राचा नियम एकच, पण तो कधीही मोडू नये: पानात बसावे म्हणून ते आरशातल्यासारखे उलटवू नये. गायकाची नजर मजकुराकडे वळवण्यासाठी हा मोह होतो. मग तबला डाव्या हाताला आणि डग्गा उजव्या हाताला जातो, सतारिया डावखुरा होतो, आणि जाणता वाचक तिथेच थांबतो. नजर बाहेर जात असेल तर छायाचित्र समोरच्या पानावर न्यावे. कापताना तानपुऱ्याची दांडी तुटली तरी चालते, गायकाचा उचललेला हात तुटू नये. छायाचित्राखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे येतात: पेटीवर कोण, तबल्यावर कोण, मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्य कोण. शिष्यांची नावे जागेअभावी गाळण्याची रीत वाईट आहे. पुढे कित्येकदा त्याच शिष्यांवर लेख लिहिताना हे जुने छायाचित्र शोधले जाते आणि ओळ अपुरी निघते.