अध्यक्षीय शासनपद्धती : गुण आणि दोष

राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख या दोन्ही नात्यांनी एकच निर्वाचित व्यक्ती ठरावीक मुदतीपर्यंत कारभार पाहते आणि तिचे पद विधिमंडळाच्या विश्वासावर अवलंबून नसते, त्या व्यवस्थेस अध्यक्षीय शासनपद्धती म्हणतात. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तयार झालेली अमेरिकेची राज्यघटना हा तिचा आद्य नमुना. लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देश, दक्षिण कोरिया, फिलिपीन्स आणि इंडोनेशिया यांनी तो फेरफार करून स्वीकारला. फ्रान्समध्ये अध्यक्ष थेट निवडला जातो, पण पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो. त्या अर्ध-अध्यक्षीय पद्धतीचे प्रश्न वेगळे आहेत.

या पद्धतीचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष एकाच तरतुदीतून निघतात : निश्चित मुदत. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हा पेच नेमका मांडला होता. अध्यक्षीय पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

स्थैर्याचा लाभ खरा आहे. पाच-दहा सदस्यांनी बाजू बदलली म्हणून सरकार पडत नाही आणि सत्ताधारी पक्षाच्या सदस्यालाही एखाद्या विधेयकाविरुद्ध निर्धास्तपणे मत देता येते. मंत्री विधिमंडळाबाहेरून, त्या त्या विषयाचे जाणकार म्हणून घेता येतात. अमेरिकेत तर काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, सदस्याला मंत्री व्हायचे असेल तर आधी जागा सोडावी लागते आणि सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) समितीपुढे उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. मात्र हा गुण दोन पक्षांच्या राजकारणात जितका दिसतो, तितका बहुपक्षीय देशात दिसत नाही. ब्राझीलमध्ये अध्यक्षाला बहुमत जुळवण्यासाठी छोट्या पक्षांना मंत्रिपदे वाटावीच लागतात. आघाडीच्या ज्या ओढाताणीपासून सुटका हवी होती, ती तिथे मागच्या दाराने परत येते.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे कोंडी. अध्यक्ष एका पक्षाचा आणि विधिमंडळात बहुमत दुसऱ्याचे असेल, तर दोघेही जनतेने निवडलेले असल्याने माघार कोणी घ्यायची, हा प्रश्न सुटत नाही. विधिमंडळ विसर्जित करता येत नाही, अविश्वास ठरावाची सोय नसते. अमेरिकेत विधेयक हाती आल्यावर रविवार वगळून १० दिवसांत अध्यक्षाने सही करायची किंवा ते परत पाठवायचे असते. परत आलेले विधेयक पुन्हा मंजूर करण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. म्हणजे एका सभागृहात एक-तृतीयांशाहून थोडे अधिक सदस्य पाठीशी असले, तरी अध्यक्ष कोणताही कायदा अडवू शकतो. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची विधेयके मंजूर झाली नाहीत आणि तात्पुरती मंजुरीही मिळाली नाही, तर अत्यावश्यक नसलेली सरकारी कामे थांबतात. २०१८-१९ मध्ये ही टाळेबंदी ३५ दिवस चालली, २०२५ मध्ये ४३ दिवस. हा दोष अपरिहार्य नाही. चिलीच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसने ६० दिवसांत अर्थसंकल्पावर निर्णय दिला नाही, तर अध्यक्षाचा मसुदाच लागू होतो. दक्षिण कोरियात आवश्यक खर्च मागील वर्षाच्या प्रमाणात चालू ठेवता येतो.

दुसरा दोष ताठरपणाचा. अकार्यक्षम अध्यक्षाला मुदत संपेपर्यंत सोसावे लागते, कारण महाभियोग गंभीर गैरवर्तनासाठी असतो, गमावलेल्या विश्वासासाठी नव्हे. १८६८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. दोषी ठरवण्यास लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले. महाभियोगाने एकही अमेरिकी अध्यक्ष आजवर पदच्युत झालेला नाही. उलट टोक पेरूत दिसते. ‘कायमची नैतिक अक्षमता’ या मोघम कारणावर १३० सदस्यांच्या काँग्रेसमध्ये ८७ मतांनी अध्यक्ष हटवता येतो. कारणाची व्याख्याच नसल्याने तरतुदीचा वापर अविश्वास ठरावासारखा होऊ लागला आणि मुदतीची निश्चिती नावापुरती उरली.

निवडणुकीत जिंकणाऱ्याच्या हाती सारे काही जाते, हाही धोका आहे. चिलीत १९७० मध्ये साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाले, काँग्रेस विरोधकांच्या हाती राहिली आणि १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. कोंडीला लष्करी बंडाचे एकमेव कारण मानणे मात्र चूक ठरेल. अनेक देशांनी त्यानंतर दुसऱ्या फेरीची, म्हणजे पहिल्या दोन उमेदवारांत पुन्हा मतदान घेण्याची, पद्धत आणली. तिने विजेत्याला निम्म्याहून अधिक मते मिळतात, पण पहिल्या फेरीत ठरणाऱ्या विधिमंडळात त्याचा पक्ष अल्पमतातच राहू शकतो.

आणीबाणीच्या अधिकारांची कसोटी दक्षिण कोरियात लागली. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. सैनिक संसद भवनात शिरलेले असतानाही ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात पोहोचले आणि काही तासांतच त्यांनी एकमताने तो उठवण्याची मागणी केली. तेथील राज्यघटनेनुसार बहुमताने अशी मागणी केल्यास अध्यक्षाला ती मानावीच लागते. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदावरून दूर केले आणि ६० दिवसांच्या बंधनानुसार ३ जूनला नवी निवडणूक झाली.