नुसती रेंज कमी करून बीकनचा सेल टिकत नाही

ब्लूटूथ बीकन म्हणजे जवळच्या फोनला रेडिओवरून आपली ओळख सांगणारं छोटं यंत्र. त्याचा सेल लवकर संपला की सल्ला ठरलेला: ‘ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद, म्हणजे पर्यायाने रेंज) उतरवा, दुप्पट चालेल.’ थोडा फरक पडतो, पण दुप्पट? विसराच. बीकन दिवसभर बोलत नसतो, बहुतेक वेळ झोपलेला असतो. मध्येच जागा होतो, 37, 38 आणि 39 या तीन रेडिओ चॅनलवर आपली ओळख सांगतो (हीच त्याची हाक) आणि पुन्हा झोपतो. जागं होणं, क्रिस्टल (वेळेचे ठोके देणारा स्फटिक) स्थिरावणं, प्रोसेसर चालणं याचा खर्च पॉवर उतरवली तरी होतोच.

खरा खेळ किती वेळा जागं व्हायचं याचा. सीआर2032 हा बटणासारखा सेल साधारण 220 मिलिअँपिअर-तासांचा. एका हाकेला 3 मिलिसेकंद, सरासरी 5 मिलिअँपिअर आणि झोपेत 2 मायक्रोअँपिअर धरा. दर 100 मिलिसेकंदांनी हाक मारली, तर सरासरी 152 मायक्रोअँपिअर. सेल दोन महिन्यांत आडवा. सेकंदाला एकदाच मारली, तर 17. कागदावर जवळपास दीड वर्ष. (प्रत्यक्षात थोडं कमीच, थंडीत तर सेल आणखी कुरकुरतो.)

अर्थात, हाका विरळ झाल्या की फोनला बीकन उशिरा सापडतो. गोदामातल्या स्थिर कपाटावर ते चालेल, दारातून झपाट्याने जाणाऱ्या ट्रॉलीवर नाही.