साधनवर्णन

एआय एजंटच्या (साधने वापरून स्वतः कामे पार पाडणाऱ्या एआय प्रणालीच्या) हाती दिलेले साधन काय करते, केव्हा वापरायचे, त्याला कोणती माहिती पुरवायची आणि त्यातून काय परत येते, हे सांगणारा छोटा मजकूर म्हणजे साधनवर्णन. व्यवहारात ‘टूल डिस्क्रिप्शन’ हाच शब्द जास्त चालतो. साधन म्हणजे इथे एखादे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) किंवा सेवा: समुद्राच्या भरतीच्या वेळा काढणारी, लिलावातला मासळीचा भाव नोंदवणारी, बर्फाची मागणी टाकणारी. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना, म्हणजे एजंटच्या मागे असलेल्या भाषेच्या एआय प्रणालींना, फंक्शन कॉलिंगची (बाहेरचे फंक्शन बोलावण्याची) सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा साधने जोडण्याचा सामाईक नियमसंच खुला केला आणि एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटला सहज जोडता येऊ लागले. तेव्हापासून वर्णनाचे महत्त्व फार वाढले आहे.

मॉडेलला साधनाचा कोड सहसा दिसत नाही. साधनाचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा, एवढ्यावर ते निवड करते. हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर जे कोणी बोलूनही दाखवत नाही, कारण तांडेलापासून (नौकेच्या प्रमुखापासून) नव्या खलाशापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असते, नेमके तेच इथे लिहून ठेवावे लागते.

‘भरतीची माहिती देते’ हे वर्णन खोटे नाही, पण त्याने काम होत नाही. उदाहरणादाखल त्याच साधनाचे उपयोगी वर्णन असे लिहिता येईल: ‘कोकण किनाऱ्यावरील एका बंदराच्या एका दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत आणि पाण्याची उंची मीटरमध्ये देते. बंदराबरोबर जिल्हाही द्यावा. मुरुड रायगडात आहे, तसे रत्नागिरीच्या दापोली तालुक्यातही आहे. वारा आणि लाटांसाठी हे साधन वापरू नये, त्यासाठी समुद्रस्थितीचे साधन वेगळे आहे. आकडे भाकिताचे आहेत. वादळात पाणी याहून वर चढू शकते.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. साधनाची मर्यादा लिहिलेली नसली की एजंट मिळालेला आकडा पूर्ण खात्रीने पुढे सांगतो आणि ऐकणारा त्या भरवशावर होडी लोटतो.

एककाचेही तसेच. वाऱ्याच्या साधनातून नुसते ‘३०’ परत आले, तर ते ताशी ३० किलोमीटर की ३० नॉट? एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणून ३० नॉटचा वारा ताशी सुमारे ५६ किलोमीटर भरतो. हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यांत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हे आकडे नेहमी दिसतात. एक शब्द गाळल्याने जाण्याजोगा दिवस आणि न जाण्याजोगा दिवस यांची अदलाबदल होऊ शकते.

रिकाम्या उत्तराचा अर्थ सांगायला लिहिणारे हमखास विसरतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते. ढग आड आले की ही माहिती अपुरी पडते, आणि मासेमारी बंदीच्या काळात सल्ला निघत नाही. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. वर्णनात हे नसेल, तर जूनमधले रिकामे उत्तर वाचून एजंट ‘इथे मासे नाहीत’ असा निष्कर्ष काढू शकतो.

बोलीचा प्रश्न कोकणात विशेष जाणवतो. वर्णने बहुधा इंग्रजीत लिहिली जातात; विचारणारा मात्र मालवणीत विचारतो. सुरमईला तो इसवण म्हणतो, कोळंबीला सुंगटा. ‘आज भांग आहे का?’ या प्रश्नातली भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास येणारी कमी चढ-उताराची भरती, उधाणाच्या उलट. हे पर्यायी शब्द वर्णनात घातले तर योग्य साधन निवडले जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणतः जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागतात, तरी या चार-सहा शब्दांसाठी तो खर्च करावाच.

लांबी मात्र बेताची हवी, कारण मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर डोळ्यांपुढे ठेवू शकते, त्यात प्रत्येक वर्णन जागा अडवते. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक साधनाला किमान तीन-चार वाक्ये सुचवलेली आहेत. एकमेकांसारखी दोन साधने असतील तर ती एकत्र करणे बरे.

नुसते वाचणारे साधन आणि काही बदलून टाकणारे साधन यांतला फरक वर्णनात ठळक हवा. बर्फाची मागणी एकदा गेली की परत घेता येते का, पैसे कधी कापले जातात, माणसाची संमती आधी घ्यायची का, हे तिथेच सांगावे. उलट बाजूने, परक्याने लिहिलेल्या वर्णनात एजंटला फसवणाऱ्या सूचनाही लपवता येतात. म्हणून बाहेरचे साधन जोडण्याआधी त्याचे वर्णन माणसाने वाचणे आवश्यक असते.

वर्णनाची परीक्षा बंदरावरच्या खऱ्या प्रश्नांनी घेतात. ‘उद्या पहाटे दापोलीच्या मुरुडातून होडी काढता येईल का?’ असे विचारून एजंट कोणती साधने कोणत्या क्रमाने बोलावतो, जिल्हा बरोबर भरतो का, हे पाहतात. त्याने फक्त भरती पाहिली आणि वारा पाहिलाच नाही, तर भरतीच्या साधनाच्या वर्णनात वाऱ्याच्या साधनाचा उल्लेख वाढवून तोच प्रश्न पुन्हा विचारतात.