गेटवेला एंगेज टोन शिकवावा का लागतो
सदाशिव पेठेतल्या एका ऑफिसात गेल्या महिन्यात परत तेच बघितलं. समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेवरचा (साध्या टेलिफोन लाइनी इंटरनेटवरच्या फोनना जोडणारा डबा) लाइनचा दिवा हिरवाच, चारपैकी तीन लाइनी तशाच अडकलेल्या आणि बाहेरून फोन करणाऱ्याला सारखं एंगेज. समोरच्याने फोन ठेवला की एक्सचेंज लाइनवर एंगेज टोन देतं, आणि तो ऐकूनच गेटवेने लाइन सोडायची असते. लाइनवर पॅरलल साधा फोन लावून ऐकलं तर टूंऽऽ टूंऽऽ अगदी स्वच्छ येत होतं, पण गेटवेला ते ओळखूच येत नव्हतं, कारण त्याच्यात टोनची अमेरिकेची फाइल होती. तिकडचा एंगेज टोन म्हणजे ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू अर्धा बंद. आपला एकच ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू पाऊण बंद. एक्सचेंज लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (दोन तारांचं प्लस-मायनस उलटं करून दिलेली खूण) देत असेल तर टोन ऐकायची गरजच नाही, पण ते सगळ्याच लाइनवर मिळत नाही.

हे टोन मुळात माणसाच्या कानासाठी होते. मॅन्युअल एक्सचेंजमधे ऑपरेटरच सांगायचा की लाइन बिझी आहे, टोनची गरज नव्हती. स्ट्रॉजरला ऑटोमॅटिक एक्सचेंजचं पेटंट १८९१ मधे मिळालं, पुढे ऑपरेटर मधून गेला आणि त्याचं बोलणं आवाजांनी भरून काढावं लागलं. प्रत्येक देशाने आपापले आवाज ठरवले. आपली रिंग, म्हणजे ट्रिंग-ट्रिंग आणि मग दोन सेकंद शांत, हा ठेका ब्रिटिशांचाच. डायलटोनची ती घरघर कशामुळे, तर ४०० हर्ट्झला २५ हर्ट्झचं मॉड्युलेशन, म्हणजे आवाज सेकंदाला पंचवीसदा कमीजास्त होतो. माणूस कुठल्याही देशात गेला तरी दोन दिवसांत कान सरावतो, मशीनचं तसं नाही, तिला आकड्यांतच सांगावं लागतं.

साध्या इपीएबीएक्सला (ऑफिसातलं छोटं एक्सचेंज) हे फोनच्या कीपॅडवरून कोड दाबून सांगायचो. पुढे एसआयपी आलं (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत, नियम पहिल्यांदा १९९९ मधे आणि नव्याने २००२ मधे आले), गेटवे जगभर विकायला लागले, आणि प्रत्येक देशासाठी वेगळं फर्मवेअर कोण बनवणार? म्हणून देशापुरत्या गोष्टी बाहेर काढून वेगळ्या फाइलींत टाकल्या: टोन, डायल प्लॅन (कुठला नंबर कसा लावायचा त्याचे नियम), ई-वन या डिजिटल लाइनवरच्या आर-टू सिग्नलिंगचे (एक्सचेंजशी बोलायच्या खुणांचे) टेबल, रेकॉर्डेड आवाज. ऑडिओकोड्स या कंपनीच्या गेटवेत यांनाच ऑक्झिलरी फाइल म्हणतात. टोनची फाइल आधी साध्या टेक्स्टमधे लिहायची, मग त्यांच्या टूलने डॅट (गेटवेला वाचता येणारी फाइल) करायची, मग वेब पेजवरून चढवायची, आणि बर्न करायला (कायमच्या मेमरीत लिहायला) विसरलात तर लाइट गेली की सगळं गेलं. बर्न करून झाल्यावर एक रीस्टार्ट देऊन फाइल अजून आहे का ते बघाच, मी तरी त्याशिवाय साइट सोडत नाही.

डबे पन्नास असले तर हाताने कोण चढवणार, म्हणून टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत. हा १९८१ चा प्रोटोकॉल, ५१२ बाइटचे तुकडे पाठवतो आणि पासवर्ड विचारतच नाही. डीएचसीपीच्या (नेटवर्कवर आलेल्या डब्याला पत्ता देणारी सोय) ऑप्शन ६६ मधे सर्व्हरचं नाव दिलं की डबा उठल्याउठल्या आपली फाइल आपणच आणतो. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर हे चालून जायचं, इंटरनेटवरून मात्र एचटीटीपीएसच हवं, कारण डब्याच्या सेटिंगच्या फाइलीत ट्रंकचे (फोन कंपनीकडे जाणाऱ्या जोडणीचे) पासवर्डही असतात आणि ते कुणाच्या हाती लागले तर आयएसडीचं बिल मालकाच्या नावावर येतं.

डायल प्लॅनचं महत्त्व बऱ्याच जणांना १५ जानेवारी २०२१ ला कळलं. त्या दिवसापासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचं ठरलं. पुण्यात लोकल नंबर आठ आकडी, मोबाइल दहा, आता शून्य धरून अकरा. लोक सवयीने दहाच दाबायचे आणि कॉल लागायचा नाही. डायल प्लॅनमधे एक ओळ वाढवली की गेटवे स्वतःच शून्य लावतो, लोकांना काही सांगावं लागत नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या डब्यात भारताची फाइल चढवली, बर्न केली, रीस्टार्ट दिला. मग मोबाइलवरून फोन करून मधेच कट केला. दोन-तीन टूं झाले आणि दिवा विझला.